खणाआडची पडदी

सगळ्यात आधी 'स' हरवला.

शंकरपटाची, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीची, सकाळ होती. जगदेव माझ्यासमोर उभा राहून खाकरला आणि म्हणाला, "सज्जनहो, सावकाश बसा, शंकरपट सुरू होऊन राह्यला!" बैलगाडीला उभ्या बांधलेल्या बांबूवरच्या भोंग्यातून ते शब्द फिरून माझ्याकडे आले आणि मला कसंतरीच झालं. दातांच्या फटीतून निसटणारी ती बारीक शीळ त्यात नव्हतीच. सज्जनहो नाही, सावकाश नाही; ओलं गोणपाट कुणी फरफटत न्यावं तसं काहीतरी.

एवढंसंच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण मी दचकले.

तशी मी कशालाही दचकते. दचकणं हेच माझं काम आहे. मी एक पडदी बोलतेय. मायक्रोफोनच्या पोटात ताणून बसवलेली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. माझ्या पाठीशी पितळेची चकती आहे. तिच्यात नि माझ्यात केसाएवढी फट, आणि त्या फटीत वीज दबा धरून बसलेली. कुणी बोललं की हवा हलते, हवा हलली की मी दचकते, मी दचकले की ती फट कमीजास्त होते आणि वीज थरथरते. ती थरथर तारेतून डब्यात जाते, काचेच्या दिव्यांमधून मोठी होते आणि भोंग्यातून पुन्हा आवाज होऊन बाहेर पडते. म्हणजे भोंग्यातून तुम्ही जे ऐकता ते माझं भिणं असतं, दुसरं काही नाही.

मला डोळे नाहीत. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते सगळं ऐकलेलं.

मी कॉलेजात शिकलेली आहे, असं म्हटलं तर हसू नका. माझी उमेदीची वर्षं अमरावतीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. तिथले सर वर्गातल्या एखाद्या मुलाला माझ्यासमोर उभं करून "आई" म्हणायला लावायचे. मग माझ्यावर फुलपात्र उपडं घालायचे. पुन्हा "आई". मग रुमाल बांधायचे. पुन्हा "आई". पोरं हसायची, कारण दर वेळी आई निराळीच निघायची. एकदा विहिरीतली, एकदा पडसं झालेली.

"आई तीच आहे," सर म्हणायचे, "खोली बदलली. पडदीच्या तोंडासमोर जे असतं ना, ती तिची खोली. खोली बंद असली की आवाज घागरीसारखा घुमतो. कापडाची असली की बारीक आवाज तिथंच मरतात. म्हणून हिच्यापुढं मोकळी जाळी ठेवायची, वारा अडवेल पण आवाज अडवणार नाही अशी. आणि हिला पाळण्यात टांगायचं. हिचे पाय जमिनीला लागले की जमीनसुद्धा हिच्या कानात बोलायला लागते."

खरंच पाळणा होता मला. एका कड्यात चार रबरी पट्ट्यांवर मी टांगलेली होते. टेबलावर कुणी मूठ आपटली तरी माझ्यापर्यंत जेमतेम झुळूक यायची. किती सुखाचे दिवस होते, ते तेव्हा कळलं नाही.

मग लढाई आली, लढाई सरली, प्रयोगशाळेत नवं सामान आलं आणि जुन्या सामानाच्या ढिगातून मला रिसोडच्या जगदेवनं उचललं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. लग्नाच्या वरातीला, कुस्त्यांना, शंकरपटाला तो भोंगा लावायचा. माणूस लाख. मला उचलताना दोन्ही हात लावायचा. पण पहिल्याच वैशाखात आमच्या वऱ्हाडातल्या उन्हानं माझ्या पाळण्याच्या पट्ट्या तडकल्या आणि मी लोंबायला लागले. जगदेवनं सायकलचे नट घेतले आणि मला कड्याला, कड्याला खांबाला, खांबाला टेबलाला घट्ट आवळून टाकलं.

"हाल आता, कशी हालतं पाह्यतो," तो कौतुकानं म्हणाला.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी जगदेवच्या घरी पाने, पंप, हातोडी सगळं पाटावर मांडून पूजा झाली, आणि मधोमध मी. त्याची बायको चतुराबाई माझ्याकडं बघून हळहळली.

"अहो, हे लक्ष्मी अशी उघडीबोडकी काहून ठेवली तुमी? गावाचं थुंक उडून राह्यलं इच्यावर."

"जाळी आहे ना तिले," जगदेव म्हणाला.

"जाळी म्हंजे काय लुगडं झालं?"

कासाराकडून पितळेचं टोपण बनवून आणलं गेलं. त्याला कमळाच्या आकारात मोजकीच भोकं. आतून चतुराबाईनं ओटीचा खण दुमडून शिवला, चिमूटभर कुंकू सोडलं आणि ते टोपण माझ्या जाळीवर घट्ट बसवलं. कुंकवाचा एक कण जाळीतून माझ्या अंगावर येऊन पडला. तिचा हात माझ्यावरून फिरला तेव्हा तिच्या बांगड्यांचा आवाज मी शेवटचा स्वच्छ ऐकला.

मी तिच्यावर रागवू कशी? मला आजवर कुणी बाईमाणूस समजून ओटी भरली नव्हती. पण माणसांच्या मायेची रीतच ही. जे हलतं ते घट्ट करायचं आणि जे उघडं असतं ते झाकायचं. मला तर हलायचंच होतं. मला तर उघडंच राहायचं होतं. सांगणार कशी? मला स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्याचा मिळाला तरच मी बोलते.

त्या दसऱ्यानंतर मला पहिल्यांदा बाहेर काढलं ते या शंकरपटाला, शेलूबाजारच्या अलीकडं, रामराव पाटलांच्या शेतात. पौष सरत आलेला. आणि सकाळीच 'स' हरवला.

मग एकेक जायला लागलं. 'श' गेला. टाळीची धार गेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांतलं रुपं गेलं आणि नुसतं पितळ उरलं. आणि जे उरलं ते सगळं एकाच सुरात घुमायला लागलं. माझ्या टोपणाचा स्वतःचा एक सूर होता, रिकाम्या घागरीत फुंकर मारावी तसा. जगदेव बोलो, पाटील बोलोत, बाहेर यायची ती घागरच. त्यात जोडी सुटली की खुरांचा दणका जमिनीतून टेबलाच्या पायात, पायातून नटात आणि नटातून थेट माझ्या अंगात. धड, धड, धड. मी इतकी घाबरले की अंगावरच्या कुंकवाच्या कणाशी चरचरले. जगदेवनं टोपणावर टिचकी मारली. मी चरचरले की तो टिचकी मारतो. हीच आमची बोलाचाल.

आमच्या गाडीच्या सावलीला एक बाई बोरं विकायला बसली होती. नानीबाई, पलीकडच्या बंजारा तांड्यावरची. सकाळपासून तिची हाक चालू होती, "बोरंऽ घ्या, गोड बोरंऽऽ", आणि शेवटचा स्वर ती असा वर नेऊन सोडायची की तो पतंगासारखा तिथंच थोडा वेळ राहत असावा. असावाच म्हणते. माझ्याकडं तो खणातून गाळून यायचा, नुसता बुडखा. तिच्या मागं तिची चार वर्षांची मुलगी खेळत होती. रुपी.

दुपार कलली तेव्हा जगदेव चहाला गेला आणि माझ्यासमोर कुणाचा तरी छोटासा श्वास आला. अगदी जवळ. बोराची बी चोखल्याचा आवाज आला. मग ती हसली. आणि तिनं, लेकरं दिव्याला मारतात तशी, मला फुंकर मारली.

फू!

उघड्या जाळीवर ती फुंकर पसरून विरून गेली असती. पण त्या कमळाच्या भोकांतून ती आत शिरली, पितळेच्या खोलीत गरगरली आणि माझ्यावर वावटळीसारखी कोसळली. भोंग्यातून जे बाहेर पडलं त्यानं दोन जोड्या बिथरल्या. लोकांत हशा पिकला.

"अबे जगदेव, तुह्या मशिनीत वाघ शिरला का बे?"

त्या हशात एक बारीक किंकाळी होती. मला वाटतं, होती. आणि पायातल्या वाळ्यांचा पळता आवाज. तो कुठं गेला? डावीकडं रस्त्याला? उजवीकडं गर्दीत? समोर? उघडी असते तर मला कळलं असतं हो! वाळ्यांचा आवाज बारीक असतो. खणानं तो गिळून टाकला.

बऱ्याच वेळानं नानीबाईची हाक थांबली. मग ती आली.

"भाऊ, माही पोरगी दिसली का?"

"आत्ता तं इथंच होती, माय," चहाहून परतलेला जगदेव म्हणाला.

"इथं नाई. पानी प्याच्या जागी नाई. तिचा बाप सोमला सडकेकडं पाह्याले गेला." तिचा श्वास तुटत होता. "सांग ना भाऊ, तुह्या भोंग्यात सांग."

जगदेवनं लगेच सांगितलं. "रुपी नावाची पोरगी, चार वर्साची, कोनाले दिसली तं गाडीपाशी आना. रुपी! ओ रुपी!"

भोंग्यातून घागर घुमली. विचार करा. ज्या राक्षसानं मघाशी तिला पळवून लावलं, तोच आता तिचं नाव घेऊन तिला हाका मारत होता. मी तिच्या जागी असते तर? मी तर आणखी आत, आणखी खाली दबून बसले असते, तोंडावर हात ठेवून. आणि हे तिच्या कानात ओरडणारी मीच होते. थांबणं माझ्या हातात नव्हतं. जगदेव बोलत होता तोवर मला घुमावंच लागत होतं.

"मले बोलू दे," नानीबाई म्हणाली.

ती माझ्याजवळ आली. घुंगटावर शिवलेल्या कवड्या टोपणावर वाजल्या. घुंगटाआडून ती बोलली, "रुपी! आव बेटी!"

आणि भोंगा बोलला. ती एकदम मागं सरली.

"हे कोन बोललं?"

"तूच बोलली, माय."

"हे मी नाई."

"मशिनीतून तसंच येते आवाज. मोठा होऊन येते."

"मोठा नाई होऊन राह्यला, भाऊ. दुसऱ्याचा होऊन राह्यला. ह्या आवाजाले माही पोरगी येनार नाई. मीच भेली."

मी चरचरले. जेवढं येतं तेवढं सगळं बळ लावून चरचरले. बरोबर बोलते आहे ही! ऐका हिचं! जगदेवनं टिचकी मारली.

तेवढ्यात रामराव पाटील आले. त्यांच्या करकरत्या वहाणांचा आवाजही टेबलातूनच माझ्याकडं आला.

"जगदेव, मेडशीवाल्याची जोडी जुंपून उभी आहे. दिवस बुडून राह्यला. शेवटची पुकार."

"पाटील, पोरगी सापडली नाई अजून."

"अरे, रडत रडत तांड्यावर गेली असन. लेकराले घरची वाट बैलापेक्षा जास्त ठाऊक राह्यते." मग ते गर्दीकडं वळून ओरडले, "ए, तिकडच्या टोकाले कोनी उभं राहू नका! ह्या जोडीचे पाय थांबत नाईत, मागच्या खेपेस माह्या तुरीत पार मधोमध घुसली होती!"

तुरीत.

जोड्या पळतात त्या धावेच्या पलीकडच्या टोकाला पाटलांची तूर उभी होती, वाळलेली, काढणीला आलेली, माणसाच्या छातीइतकी. दिवसभर प्रत्येक जोडी तिकडं पळाली होती, म्हणून सगळी माणसं अलीकडं होती. आणि घाबरलेलं लेकरू माणसांकडं पळत नाही. मला ठाऊक नव्हतं हो, नुसता संशय होता. माझा स्वभावच संशयी. पण संशय सांगायला तरी तोंड हवं ना!

नानीबाईनं पूर्ण तळवा माझ्या टोपणावर ठेवला. माझी थरथर तिला कळली असावी.

"इच्या तोंडावर काय बांधलं तुमी?"

"टोपन आहे. आतून खण आहे. दसऱ्याले बायकोनं ओटी भरली तिची."

"तोंडात ओटी भरते का कोनी?" नानीबाई ओरडलीच. "ओटी पदरात भरतात, भाऊ! तोंडात कोंबली तं बाई बोलन कशी?"

कवड्या खळखळल्या. तिनं घुंगट मागं टाकला होता. एवढ्या गर्दीत, पाटलांसमोर.

"माहा पडदा मी काढला. आता इचा काढ."

"पूजेचं आहे माय ते," जगदेव चाचरला. "चतुरा मले घरात नाई घेनार."

"तुह्या चतुराले लेकरू आहे का?"

मग पान्याचा आवाज झाला. एक नट, दुसरा नट. आणि टोपण निघालं.

काय सांगू! हवा आली. एकदम सगळं आलं. बैलांचं फुरफुरणं, कुणाच्या तरी विडीचं चुरचुरणं, लांब झाडावरच्या राव्यांची भांडणं, आणि जगदेवच्या नाकपुडीतला श्वाससुद्धा. मी इतकी दचकले की भोंग्यातून कुईऽऽ करून किंचाळले. भोंग्याचा आवाज माझ्यात, माझा भोंग्यात, दोघंही एकमेकांना घाबरवत सुटलो.

"बंद कर ते!" पाटील ओरडले.

"भोंगा तिचं तोंड पाहून राह्यला म्हनून वरडते ते. फिरवतो." जगदेव गाडीवर चढला. गर्दीकडं असलेला भोंगा त्यानं माझ्याकडं पाठ होईल असा फिरवला. तिकडं माणूस नव्हतं. नुसती धाव, आणि धावेच्या टोकाला तूर.

किंचाळी थांबली. पण धड, धड उरलंच. जुंपलेली जोडी जागच्या जागी खूर आपटत होती आणि ते सगळं माझ्या नटांतून भोंग्यात जात होतं. जगदेवनं टेबलावर हात टेकला आणि तसाच ठेवला.

"अरे बापा," तो हळूच म्हणाला, "टेबलच बोलून राह्यला."

त्यानं डबा बंद केला आणि मला आवळणारे नट सोडवले. पण टांगणार कशाला? रबर कधीच गेलं होतं. दोरी काचली असती. तो खिसे चाचपत होता. नानीबाईनं वेणीचा लोकरी गोंडा ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. मऊ, पिळाचा, तेलानं भिजलेला. त्याच्या धाग्यांनी जगदेवनं मला कड्यात चारी बाजूंनी टांगलं.

पाळणा. किती वर्षांनी, पाळणा!

डबा पुन्हा लागला. दिवे तापायला वेळ घेतात. माझ्या आयुष्यात इतका मोठा वेळ दुसरा गेला नाही.

"एक हाक मार, बाई," रामराव म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "सापडली तं चांगलंच. नाई तं मंग झेंडी पाडून जोडी सोडतो, आन मीच मानसं देतो तुह्या संगं, तांड्यापावतर."

नानीबाई माझ्यासमोर आली. "रुपी," ती म्हणाली, आणि तिचा गळा भरला. भोंग्यातून ते भरलेलं रडं जसंच्या तसं गेलं. आता मी काहीच लपवू शकत नव्हते. ती थांबली. तिनं आवंढा गिळला; तोही मला ऐकू आला. घाबरलेल्या आवाजाकडं घाबरलेलं लेकरू येत नाही, हे तिला कुणी शिकवलं नसणार. तिनं श्वास घेतला आणि सकाळपासून घालत होती ती रोजची हाक घातली, जशी काही दुपार अजून कललीच नव्हती.

"बोरंऽ घ्या, गोड बोरंऽऽ! रुपीऽऽऽ!"

तो शेवटचा स्वर वर गेला. या वेळी तो बुडखा नव्हता. शेंड्यापर्यंत सगळा होता, त्याच्या टोकाची बारीक चीरसुद्धा. मी त्याच्याबरोबर थरथरले, एवढी हलकी, एवढी खरी, की मला माझीच ओळख पटेना. भोंग्यातून तो धावेवरून गेला आणि तुरीवर जाऊन पडला.

मग शांतता.

हीच ती शांतता, जिच्यात मी हे सगळं तुम्हाला सांगते आहे. मेडशीच्या जोडीचा धुरकरी कासरा ओढून उभा आहे. झेंडीचं कापड फडफडतंय, पाटलांच्या हातात, अजून वरच. गोंडा लाल असेल की पिवळा, मला कळणार नाही; त्याच्या धाग्यांत मी लटकते आहे, अंगावर कुंकवाचा एक कण, तोंडावर नुसती जाळी. पुढं माझं काय व्हायचं ते होवो. चतुराबाई पुन्हा खण शिवेल कदाचित. माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी आली तर तिची ओटी भरा, हवं तर दृष्ट काढा, पण तिच्या तोंडासमोरची खोली मोकळी ठेवा. आणि तिला हलू द्या. ती भित्री असेल. भित्रीच चांगली. जिला भीती वाटत नाही तिला ऐकू काय येणार?

झेंडीची फडफड थांबली. पाटलांनी काठी तिरपी केली असावी.

थांबा! पाटील, थांबा! मी चरचरले. या वेळी जगदेवनं टिचकी मारली नाही. "श्श," तो म्हणाला, सगळ्यांना. "ऐका जरा."

लांब, धावेच्या टोकाला, काहीतरी खुळखुळलं. वाळलेल्या शेंगा. वारा नव्हता. पुन्हा खुळखुळ, थोडी अलीकडं. मग वाळ्यांचा एक बारीक आवाज, एवढा बारीक की खणाआड मेलाच असता.

आणि मग तो आला, तुरीतून माझ्यापर्यंत, माझ्यातून तारेत, तारेतून भोंग्यात, सगळ्या शंकरपटावर, तांड्यावरची लेकरं आईला मारतात तीच हाक:

"याडीऽऽ!"